'स्नेक ऑइल': खोट औषधाची की लेबलाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'स्नेक ऑइल' (शब्दशः सापाचं तेल) हा शब्द मराठी लेखांतून आता सर्रास येतो आणि त्याचा अर्थ 'बिनकामाचं औषध' एवढाच दिला जातो. तो अपुरा आहे. या शब्दामागची मूळ लबाडी बाटलीत काय आहे हे लपवण्याची होती.

1860 च्या दशकात अमेरिकेत पूर्व-पश्चिम लोहमार्ग बांधायला हजारो चिनी मजूर राबले. दुखऱ्या सांध्यांना पाणसापाचं तेल चोळायची रीत त्यांच्याबरोबर तिकडे गेली, असं मानलं जातं. 1989 मध्ये कॅलिफोर्नियातले डॉक्टर रिचर्ड कुनिन यांनी सान फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीतून घेतलेल्या अशा तेलात सुमारे 20 टक्के ईपीए, म्हणजे माशाच्या तेलात असतं ते ओमेगा-3 आम्ल, असल्याचं नोंदवलं. एवढ्यावरून त्याचा गुण सिद्ध होत नाही. चोळलेलं तेल सांध्यापर्यंत किती पोचतं हाही प्रश्न आहेच. पण ते निदान सापाचं होतं.

शब्द बदनाम झाला तो क्लार्क स्टॅन्ली या अमेरिकी तेलविक्यामुळे. 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्याने लोकांसमोर रॅटलस्नेक हा विषारी साप चिरून उकळत्या पाण्यात टाकला आणि वर तरंगलेली चरबी दाखवून तेल विकलं, असं सांगतात. पुढे सरकारी रसायनशाळेने त्याची बाटली तपासली. आत हलकं खनिज तेल, सुमारे 1 टक्का चरबी (तीही बहुधा गाईबैलाची), मिरचीचा अर्क आणि कदाचित किंचित कापूर व टर्पेंटाइन. सापाचं काहीच नाही. दंड झाला 20 डॉलर.

तेव्हा लागू असलेल्या 1906 च्या अमेरिकी कायद्यात औषध गुणकारी असण्याची अटच नव्हती. अफू, मॉर्फिन, अल्कोहोल असे घटक असतील तर ते लेबलावर छापायचे आणि लेबल खोटं असू नये, हे मुख्य बंधन. रोग बरा करण्याचे खोटे दावे त्यात बसत नाहीत, असा निकाल 1911 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. 1912 च्या दुरुस्तीने ते दावे कायद्याखाली आले खरे, पण फसवण्याचा हेतू सिद्ध करण्याचं ओझं सरकारवरच राहिलं.

आता मिरचीचं. तिच्यातलं कॅप्सायसिन आधी आग करतं, मग वारंवार लावल्यास वेदना वाहून नेणारे मज्जातंतू काही काळ मंदावतात. 0.025 ते 0.075 टक्के कॅप्सायसिनची मलमं आजही सांधेदुखीवर देतात. स्टॅन्लीच्या गिऱ्हाइकांपैकी काहींना म्हणूनच आराम वाटला असेल. श्रेय मात्र सापाला गेलं.

हा अर्थ नीट कळला की आपल्याकडचा धोकाही दिसतो. सांधेदुखीच्या काही 'शुद्ध आयुर्वेदिक' चूर्णांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइड्स मिसळलेली सापडली आहेत. ती गुण देतात, आणि लगेच देतात! जुनाट दुखणं दोन दिवसांत थांबलं, भूक वाढली, चेहरा गोल होऊ लागला, साखर आणि रक्तदाब चढला, तर संशय घ्यावा. मात्र असं चूर्ण आठवडेच्या आठवडे घेतलं असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. शरीराची स्वतःची कॉर्टिसोल या आवश्यक संप्रेरकाची (हार्मोनची) निर्मिती तोवर दबलेली असते. अचानक थांबल्यास उलट्या, कमालीचा अशक्तपणा, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावं. स्टेरॉइड किती दिवसांत कसं उतरवायचं ते त्यांनीच ठरवावं.

आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घटकांची यादी असायलाच हवी. कागदाच्या पुडीत किंवा कोऱ्या डबीत मिळणारं चूर्ण घेऊच नये. घेतलं गेलंच असेल तर उरलेला नमुना मूळ वेष्टनासह जपून ठेवावा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

– औषधनिर्माणशास्त्राचा एक शिक्षक, सांगली