रविवारचे तीन तास पामबीच आम्हाला द्या

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी नेरूळला राहते, यंदा बारावीची परीक्षा दिली आणि रोड रेसिंग करते, म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या सायकल शर्यती. शेवटचा पेपर झाल्यापासून पाऊस लागेपर्यंत जेवढ्या शर्यतींत नाव देता आलं तेवढ्यांत दिलं. कोकणपट्टीत आमचा हंगाम चेपलेलाच असतो. मार्चपर्यंत अभ्यास, जूनपासून पाऊस, मधल्या उन्हाळ्यात काय ते पळायचं. तुमच्याकडे शिष्यवृत्ती, सायकल, सत्कार यांतलं काही मागत नाहीये. नवी मुंबईतला पामबीच रस्ता मागतेय. एकच बाजू, रविवारी पहाटे, तीन तास.

बघणाऱ्याला वाटतं, सायकल शर्यत म्हणजे एकट्याने जीव खाऊन पॅडल मारणं. खरी शर्यत बंचमध्ये असते, घोळक्यात. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर आपलं पुढचं चाक ठेवायचं. वारा पुढची खाते, मागचीची पाव हिस्सा तरी ताकद वाचते. कोणाच्या मागे लपायचं, कधी बाहेर पडायचं, वळणावर आतली बाजू कोणाला सोडायची नाही, हे घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, येत नाही. तिथे नुसता घाम गळतो. आमच्या हॉलमधल्या फरशीला विचारा. बाबा कधीमधी उरण रोडला ॲक्टिव्हा पुढे धरतात आणि मी मागे चिकटते. पण जेएनपीटी बंदराचे कंटेनर सुरू झाले की बाबांचा सगळा जीव आरशात असतो. ठाण्याच्या मुलामुलींना चढणीसाठी उपवनावरून वर येऊर आहे. तिथे शनिवार-रविवारी बंगल्यांकडे जाणाऱ्या गाड्या किती, हे ठाणेकरांना सांगायला नको.

उरतं पामबीच. वाशी ते बेलापूर, दहाएक किलोमीटर जवळजवळ सपाट रस्ता, एका बाजूला खाडी आणि पाणथळी, मध्ये दुभाजक. पहाटे पाचला आम्ही सगळे तिथेच असतो. आणि पहाटे पाचला रस्ता रिकामा दिसला की गाड्या कशा सुटतात, तेही तिथेच बघतो. 28 फेब्रुवारी 2024 ला याच रस्त्यावर, नेरूळजवळ, इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांना सायकल चालवताना टॅक्सीने उडवलं आणि ते गेले. त्यानंतर आमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी सायकल गॅलरीतच राहिली. माझ्या आईने माझ्या मागच्या दिव्याबरोबर आणखी एक दिवा लावला आणि मगच सोडलं.

सायकल ट्रॅक बांधून देऊ, असं तुमचे अधिकारी म्हणतील. जरूर बांधा, शाळेत जाणाऱ्यांना हवाच आहे. पण आमचा बंच ताशी 35-40 किलोमीटरने जातो. ट्रॅकवर आजोबा चालायला येतात, लहान मुलं स्केटिंग शिकतात. तिथे आम्ही गेलो तर धोका आमच्यापासून त्यांना आहे.

आता मे महिन्यातली एक शर्यत सांगते. नाव घेत नाही, आयोजकांनी त्यांच्या परीने धडपड केली होती. एका नोडच्या, म्हणजे नवी मुंबईतल्या एका उपनगराच्या, आतल्या रस्त्यांवर क्रिटेरियम होती, म्हणजे छोट्या वळसेदार मार्गावर फेऱ्यांची शर्यत. पुरुष उजाडताच सुटले. मग मुलगे, मग मास्टर्स, म्हणजे पोट सुटायच्या आधी जागे झालेले काका लोक. मुलींचा नंबर शेवटी. रस्त्याची परवानगी आठपर्यंत, आणि आम्हाला सोडलं तेव्हा आठ वाजून गेले होते. एका बाजूने बॅरिकेड उचलायला सुरुवातसुद्धा झाली होती. तिसऱ्या की चौथ्या फेरीला वळणातून बाहेर आलो तर समोर पाण्याचा टँकर आडवा. चौकातला मार्शल म्हणजे कॉलेजचा मुलगा, अंगात नारिंगी जाकीट, हातात लाल झेंडा, तोंडात शिट्टी. टँकरवाला त्याला विचारत होता, "रस्ता तुझ्या बापाचा आहे का?" भाषा सोडा, प्रश्न बिनतोड होता. आठनंतर तो रस्ता कोणाच्याच बापाचा नव्हता, आमचाही नाही.

पुढच्या दोघींनी ब्रेक दाबले. चाकाला चाक लागलं की पुढची बहुतेक वेळा वाचते आणि मागची पडते. पनवेलची एक पोरगी कोपरावर गेली. ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर बसून तिच्या जखमेतली बारीक खडी बेटाडीन लावून काढत होते, आणि ती एकच विचारत होती, "निकाल लागणार ना?" लागला नाही. पंचांनी शर्यत थांबवली आणि पुन्हा सुरू करायला रस्ताच उरला नव्हता.

मुलींची शर्यत शेवटी का, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. "मुली कमी असतात" असं म्हणतात. अहो, कमी असतात तर आधी सोडा की, लवकर उरकेल.

यंदा जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली. पाच दिवस, 437 किलोमीटर, यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या 2.2 दर्जाची, म्हणजे अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत. त्यासाठी रस्ते नव्याने गुळगुळीत झाले, चौकाचौकांत पोलीस उभे राहिले, वाहतूक वळवली. मनापासून अभिनंदन, कारण मनात आणलं तर सरकार रस्ता बंद करू शकतं, हे आम्ही प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर बघितलं. पण त्या शर्यतीत उद्या महाराष्ट्राच्या पोरांनी पुढे राहावं असं वाटत असेल, तर त्यांना आधी बंचमध्ये पळायची सवय लागायला हवी. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, ते सगळं चांगलंच आहे. फक्त ते सगळं शर्यत झाल्यावरचं आहे.

रस्ते माझ्या खात्यात येत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पामबीच महापालिकेचा, वाहतूक पोलिसांची, आणि वाशीपासून बेलापूरपर्यंत पोलीस ठाणी बदलत जातात. शर्यत घेणारा माणूस निम्मा उन्हाळा पत्रांच्या पोचपावत्या गोळा करण्यात घालवतो. शिवाय नेरूळ ठाणे जिल्ह्यात आणि खारघर रायगडात. रोज एका बंचमध्ये पळणाऱ्या आम्ही जिल्हा निवडीला दोन टोकांना जातो. म्हणूनच महापालिका आयुक्त, वाहतुकीचे पोलीस उपायुक्त आणि दोन्ही जिल्ह्यांचे क्रीडा अधिकारी यांना एका टेबलावर बसवू शकेल असं कोणीतरी हवं, आणि ते आमच्या हातात नाही.

मागणी साधी आहे. फेब्रुवारी ते मे, दर रविवारी पहाटे पाच ते आठ, पामबीचची एक बाजू गाड्यांना बंद. दुसऱ्या बाजूने दुहेरी वाहतूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली वाहतूक वळवायच्या अधिसूचना पोलीस एरवीही काढतात, मिरवणुकीला काढतात, मॅरेथॉनला काढतात. मार्च 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसुद्धा लोकांसाठी मोकळा केला होता. तीन रविवार सराव, चौथ्या रविवारी शर्यत, आणि शर्यतीत मुली पहिल्या. तेवढा शेवटचा मुद्दा अधिसूचनेत बसत नसेल तर आयोजकांना तोंडी सांगा, तुमचं ऐकतील.

वयाच्या नियमाने पुढच्या वर्षी मी ज्युनियर गटातून बाहेर पडते, तेव्हा यातलं बरंचसं माझ्या उपयोगी पडणार नाही. आमच्या सोसायटीतली आठवीतली एक मुलगी आत्तापासून माझी जुनी सायकल मागतेय, तिच्या उपयोगी पडेल.

बैठक गणपतीनंतर लावलीत तरी चालेल, फेब्रुवारीला वेळ आहे. आमच्यातर्फे कोण येणार ती नावं मी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे देऊन ठेवते. वेळ मात्र सकाळी दहानंतरची ठेवा, त्याआधी आम्ही सगळ्या रस्त्यावर असतो.

आपली,
नेरूळची एक सायकलपटू