अंडी हलवताना

प्रिय मंदार,

तुमच्या पुळणीवरची कासवांची अंडी उबवण्याची हॅचरी यंदा तुझ्याकडे आली, हे वाचून फार बरं वाटलं. ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, त्यामुळे वनखात्याची परवानगी हाती आल्याशिवाय अंड्यांना हात लागता कामा नये. ती मिळाली आहे, तेव्हा आता कामाचं लिहितो.

सगळ्यात आधी वेळ सांभाळ. मादीच्या पोटात असेपर्यंत गर्भाची वाढ थांबलेली असते. अंडं बाहेर पडलं की ती पुन्हा सुरू होते आणि काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की आतली नाजूक आवरणं फाटतात आणि गर्भ मरतो. बाहेरून मात्र काहीच कळत नाही. म्हणून अंडी घातल्यापासून सहा तासांच्या आत ती हलव. घरटं एक-दोन दिवसांनी सापडलं, तर ते जागीच राहू दे आणि वर जाळी ठोक. कोल्हे-कुत्र्यांपासून तेवढं पुरतं. भरतीचं पाणी येणारच असेल आणि हलवण्यावाचून इलाज नसेल, तर प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण कर आणि ती खूण वरच ठेवून अंडं उचल.

एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी निघतील. ती काढताना मूळ खड्डा टेपने मोज: वाळूच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत, आणि पोटाची रुंदी. खोली बहुतेक दीड फुटाच्या आसपास भरते. हॅचरीतला खड्डाही तेवढाच हवा, चंबूसारखा, गळ्याशी अरुंद आणि खाली फुगीर. खणताना कडा ढासळत असतील, तर वरची कोरडी वाळू आधी बाजूला कर. अंड्यांभोवती ओलसर वाळूच जायला हवी, कोरडी अगदी वर. भरून झाल्यावर तळहाताने हलकं दाब, पायाने तुडवू नकोस. दोन घरट्यांत एक मीटर अंतर सोड.

ओलाव्याचं गणित नाजूक आहे. वाळू कोरडी पडली की अंडी चेपतात. (ताज्या अंड्याला खळी असते, ती पुढे पाणी शोषून भरते, तिला घाबरू नकोस.) उलट वाळू भिजून चिंब झाली की कणांमधल्या फटी पाण्याने भरतात, हवा खेळत नाही आणि गर्भ गुदमरतात. म्हणून कुंपण उधाणाच्या रेषेच्या वर घाल, सुरूच्या झाडांच्या मुळांपासून लांब, आणि दरवर्षी नव्या जागी. जुन्या वाळूत फुटक्या अंड्यांची घाण आणि बुरशी उरते.

तापमान अंड्यांच्या पातळीवर मोज, वरच्या वाळूचं नको. साधारण ३० अंशांच्या खाली नर जास्त, वर माद्या जास्त, आणि हे ठरतं उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिस्स्यात. ३४-३५ अंशांवर पारा टिकला की पिल्लं आतच मरू लागतात. शेवटच्या आठवड्यांत गर्भांची स्वतःची उष्णताही भर घालते, त्यामुळे रिकाम्या वाळूतलं माप कमीच दाखवतं. मार्च-एप्रिलमध्ये हिरवी जाळी लाव, पण माप बघून. पूर्ण हंगाम सरसकट सावली धरलीस, तर नरांचंच पारडं जड होईल.

४५व्या दिवसापासून घरट्यावर टोपली ठेव. थंडीतल्या घरट्यांना साठ दिवसही लागतात, तोवर उकरून बघू नकोस. कवच फोडल्यावर पिल्लं दोन-चार दिवस वाळूतच असतात, पोटाशी उरलेला बलक जिरवत, आणि मग सगळी मिळून वर सरकतात. वरची वाळू तापलेली असली की थांबतात, म्हणून रात्री आणि पहाटे टोपल्या वरचेवर तपास. बाहेर आलेली पिल्लं पर्यटकांसाठी टबात अडकवून ठेवलीस, तर पोहण्यासाठीचं त्यांचं बळ तिथेच खर्ची पडतं. याबाबतीत कुणाचीही भीड धरू नकोस.

पिल्लं येणं थांबल्यावर तीन दिवसांनी घरटं उकर, रिकामी कवचं मोज आणि न फुटलेली अंडी उघडून बघ. पुरती वाढलेली पिल्लं मेलेली असतील, तर उष्णता किंवा पाणी तपास. गर्भ जेमतेम दिसत असेल आणि अशी अंडी बरीच निघाली, तर ती किती वाजता आणि कशी हलवली ते नोंदवहीत शोध. पहिल्या घरट्याच्या नोंदी मला पाठव, आपण बसून बघू.

तुझा,
सुहास