ड्यूक स्लेटर यांचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकी फुटबॉलविषयी मराठीत जे थोडेबहुत लिहिले जाते, त्यात चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक आणि चेंडू घेऊन धावणारा खेळाडू यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. आघाडीच्या फळीतले लाइनमन बहुधा चेंडूला हातही लावत नाहीत. समोरच्याला अंगाच्या बळावर रेटून ते मागच्यासाठी वाट मोकळी करतात, पण गुणफलकावर त्याची नोंद होत नाही. अशांपैकी एक, फ्रेडरिक ऊर्फ ड्यूक स्लेटर, यांच्याविषयी हे पत्र.

स्लेटर यांचा जन्म १८९८ सालचा. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक होते आणि घरची परिस्थिती बेताची होती. शाळेच्या संघात खेळण्यासाठी बूट आणि हेल्मेट अशा दोन्ही वस्तू परवडण्याजोग्या नव्हत्या, तेव्हा मुलाने हेल्मेटऐवजी बूट निवडले, अशी हकिगत सांगतात. १९२१ साली त्यांच्या आयोवा विद्यापीठाने बलाढ्य नोत्र दाम विद्यापीठाला १०-७ असे हरवले. त्या सामन्याच्या एका गाजलेल्या छायाचित्रात बोडक्या डोक्याचे स्लेटर प्रतिस्पर्ध्यांची फळी रोखून धरताना दिसतात.

१९२२ साली ते रॉक आयलंड इंडिपेंडंट्स या व्यावसायिक संघात टॅकल, म्हणजे फळीतील एका जागचे लाइनमन, म्हणून दाखल झाले. एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगमधील ते पहिले कृष्णवर्णीय लाइनमन होत. १९२६ ते १९३१ या काळात ते शिकागो कार्डिनल्सकडून खेळले आणि त्यातील काही हंगामांत साऱ्या लीगमध्ये ते एकटेच कृष्णवर्णीय होते. १९२४ साली कॅन्सस सिटीतील सामन्यात तर केवळ वर्णापायी त्यांना बाहेर बसावे लागले. दुखापतींनी भरलेल्या त्या खेळात दहा हंगाम टिकलेल्या माणसाची ती अनुपस्थिती मला फार बोचते.

२८ नोव्हेंबर १९२९ रोजी कार्डिनल्सच्या अर्नी नेव्हर्स यांनी शिकागो बेअर्सविरुद्ध सहा टचडाउन करत (म्हणजे सहा वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या अंतिम रेषेपलीकडे नेत) एकट्याने ४० गुण मिळवले. हा विक्रम आजही सांगितला जातो. त्या दिवशी त्यांच्यासाठी वाट काढणाऱ्या फळीत स्लेटर होते, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. खेळत असतानाच त्यांनी १९२८ साली कायद्याची पदवी मिळवली आणि १९४८ साली ते शिकागोत न्यायाधीश म्हणून निवडून आले. दरम्यान १९३४ ते १९४५ या काळात त्या लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला जागा मिळाली नाही.

स्लेटर १९६६ साली वारले. व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीसाठी, त्यांची निवड व्हायला २०२० साल उजाडावे लागले, आणि आयोवाच्या किनिक स्टेडियममधील मैदानाला त्यांचे नाव २०२१ साली मिळाले. पुढील सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या, वेळी आपल्या क्रीडा पानावर एक रकाना लाइनमनच्या कामगिरीला आणि त्यात स्लेटर यांना द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे