कळकलेलं ताक आणि पिवळीधमक हळद

सांगली,
कोजागिरी

प्रिय सुमन,

घरात, खाण्यात कुठे विष तर नाही ना, या धास्तीने काल फोनवर तू इतकी घाबरलेली होतीस की मला धड बोलताच आलं नाही, म्हणून लिहायला बसले. दिवाळीला लेक आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन येणार, आणि तू स्वयंपाकघरातली प्लास्टिकची एकूण एक बरणी भंगारात काढलीस, दुप्पट भावाचं 'सेंद्रिय' तिखट आणलंस. आणलंस ते आणलंस. पण बोलता बोलता म्हणालीस ना, की वाड्याच्या जुन्या दारांचा ऑइलपेंट घासायला माणूस येतोय? तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आधी त्याला थांबव.

त्या दारांवर तुझ्या आजेसासऱ्यांपासूनचे थर आहेत. पूर्वी ऑइलपेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. रंगात ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे लागू झाला तो २०१७च्या नोव्हेंबरात. कोरडा पॉलिशपेपर मारला की त्या थरांची भुकटी होऊन फरशीवर, सतरंजीवर बसते, आणि रांगणाऱ्या पोराचा हात तोंडात जायला कितीसा वेळ लागतो? लहान मुलांच्या अंगात शिसं मोठ्यांपेक्षा जास्त मुरतं आणि थेट मेंदूच्या वाढीवर उठतं. घट्ट बसलेला रंग तसाच राहू दे, वरून नवा हात मारून घे. पोपडे सुटलेच असतील तर पाणी मारून ओले असताना खरवडायला लाव, आणि नंतर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसून घे. फडकं टाकून दे. तेवढे दिवस लेकीला येऊ देऊ नकोस.

शिशाचा विषय निघालाच आहे तर हळदीचं सांगते. आम्ही सांगलीकर हळदीच्या बाबतीत शहाणे, असं मी उगाच समजत होते. हरिपूरची पेवं, हळद साठवायचे ते जमिनीतले खड्डे, बघत लहानाची मोठी झाले, पण बाजारात जास्तीत जास्त पिवळं दिसेल तेच हळकुंड उचलायचे. मग बांगलादेशातली हकीकत वाचली. तिथे हळकुंडांना पॉलिश करताना लेड क्रोमेट चोळत होते, म्हणजे शिशाची पिवळी पूड, जुन्या पिवळ्या ऑइलपेंटमध्ये असायची तीच. २०१९ साली तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ते सापडलं. सरकारने धाडी घातल्या, दंड केले, आणि २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आलं. आपल्या देशातही काही ठिकाणच्या हळदीत शिसं सापडलंय. यातली गोम अशी, की अख्खी हळकुंडं आणून घरी दळली म्हणून आपण सुटत नाही, कारण रंग हळकुंडालाच लावलेला असतो. म्हणून मी आता शेतकऱ्याकडून बिनपॉलिशची, मळकट, सुरकुतलेली हळकुंडं घेते. भाजीला रंग जरा कमी येतो. आमच्या ह्यांनी दोन दिवस कुरकुर केली, मग विसरले.

आता हसू नकोस. एवढं सगळं वाचून शहाणी झालेली मी, गेल्या उन्हाळ्यात माझ्याच हातून घरातल्या चौघांना ओकाऱ्या झाल्या! आईचं पितळी पातेलं माळ्यावरून काढलं, चिंचेने लखलखीत घासलं आणि हौसेने रात्रभर त्यात ताक ठेवलं. सकाळी ताकाला हिरवट झाक आणि जिभेवर ती तुरट चव. कळकलं होतं. आपल्या आयांना हा शब्द होता, म्हणून त्या कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट घालत नसत. मी शब्द विसरले आणि कढी करून वाढली. आंबटाने पितळेतलं तांबं सुटतं, एवढं साधं आहे ते. नंतर मार्केट यार्डाजवळ एक कल्हईवाला सापडला. भाता, नवसागराचा धूर, कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं कथील, सगळं समोर बसून करून घेतलं. समोर बसण्याचं कारण, कथिलात शिसं मिसळून स्वस्तात उरकणारेही असतात.

दाण्याच्या कुटाकडे मात्र तुझं लक्षच नाही, आणि तुमच्याकडे तो खिचडीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात. दमट हवेत दाण्याला बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृताला खातं. भाजल्याने ते पुरतं जात नाही. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात असाच बुरशीचा मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली होती. तुझी आजी ताटात दाणे पसरून काळपट, सुरकुतलेले, बुरसलेले बाजूला काढायची ना? बहुतेक करून त्याच दाण्यांत हे विष साठलेलं असतं. तयार कुटाचं पाकीट आणलंस तर हे निवडणार कसं? दाणे थोडे थोडे आण, कोरड्या डब्यात ठेव, कडू लागला की थुंकून टाक. गिळून वेळ साजरी करू नकोस.

आणि हो, बाळाच्या खोलीत डासांची कॉइल लावू नकोस. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं एका अभ्यासात निघालं होतं. मच्छरदाणी लाव, तुझ्याकडे पाळण्याची जुनी आहेच.

सेंद्रिय तिखटाचं म्हणशील तर आणलंयस तर संपव. भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धू, वडापाव वर्तमानपत्रात बांधून घेऊ नकोस, शाई तेलात उतरते. बाकी प्रत्येक घासाला दचकत बसलीस तर लेक दोन दिवसांत परत जाईल.

तुझ्यासाठी दोन किलो हळकुंडं काढून ठेवलीत. सासूबाईंचं ते मोठं तपेलं घेऊन ये, कल्हईवाला गुरुवारी असतो. आणि रंगाऱ्याला आत्ता फोन कर, पत्र मग पुन्हा वाच.

तुझी,
मंदा