वाद्यवृंदाच्या तिकिटांना खिडकी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या एका मोठ्या सभागृहात परदेशी वाद्यवृंद येणार आणि चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना, वाजवणार, असं कळलं. पोस्टातली नोकरी सांभाळून मी उमेदीत व्हायोलिन घासलंय, तेव्हा राहवतंय होय! 1893 सालची ही सिम्फनी मी आजवर कॅसेटवरच ऐकली. तिच्या दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्न हे ओबो या फुंकून वाजवायच्या लाकडी वाद्याच्या घराण्यातलं, पण त्याहून खालच्या सुरातलं वाद्य सावकाश एक धून गातं. ते वाजवणारा माणूस एकदा डोळ्यांनी बघायचा होता.

तिकिटं फक्त ऑनलाइन. नातीनं मोबाइल काढला. पडद्यावर रंगीत चौकोन, स्टेजजवळचे महाग, मागचे स्वस्त. "आजोबा, दुसऱ्या रांगेत दोन आहेत, घेऊ?" नाटकाला घे म्हटलं असतं, नटाचा चेहरा दिसतो. वाद्यवृंदाचं गणित वेगळं. पुढं व्हायोलिन, व्हायोला, चेलो. लाकडी सुषिर (फुंकून वाजवायची) वाद्यं त्यांच्या मागं, आणि पितळी वाद्यं नि टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, आणखी मागं. अगदी पुढं बसलं की चेलोवाल्यांचे बूट दिसतात, जवळच्या तंतुवाद्यांचाच आवाज कानावर पडतो आणि माझा इंग्लिश हॉर्नवाला त्यांच्याआड जातो. सगळं मिसळून ऐकायचं तर सभागृहाच्या मध्यावर नाहीतर बाल्कनीत पुढं बसावं. पण बाल्कनीचा कठडा नजरेला आडवा येतो का, खालच्या कुठल्या रांगा बाल्कनीच्या छताखाली जातात (तिथं आवाज कोंदतो), हे त्या चौकोनाला कुठून ठाऊक असणार? मुंबईच्या मित्राला विचारावं म्हणून फोन लावला, तेवढ्यात पडद्यावरचं घड्याळ संपलं आणि धरलेल्या जागा सुटल्या. परत पहिल्यापासून नाव, नंबर, ओटीपी. शेवटी बाल्कनी मिळाली. वर तिकिटामागं सुविधा आकार आणि त्या आकारावर 18 टक्के जीएसटी. सुविधा नेमकी कुणाची झाली, अंबाबाईलाच माहीत.

आमच्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात नाटकाचा प्लॅन, म्हणजे जागांचा नकाशा, खिडकीत मांडलेला असायचा. बुकिंगवाला रिकाम्या घरावर पेन्सिल टेकवून सांगायचा, "काका, ही कडेची नको, विंगेतली माणसं दिसतात. मधली घ्या, दोन रांगा मागं आहे, पण बरी आहे." शाहू महाराजांच्या काळातली ही वास्तू 8 ऑगस्ट 2024 ला आगीत जळाली. ती पुन्हा उभी करताना तिकीटखिडकी आणि तिथं बसणारा जाणकार माणूस, दोन्ही राहू देत, एवढं महापालिकेला सांगणं आहे. ऑनलाइनही असू दे की, आमची ना नाही.

मुंबईच्या आयोजकांना मात्र दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आपला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून मुंबईत आहे, बाहेरचे वाद्यवृंदही येतात, पण सातच्या कार्यक्रमाला कोल्हापूरच्या माणसानं जायचं कसं? महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईहून साडेआठच्या आत सुटते आणि तेव्हा इकडं मध्यंतर जेमतेम संपलेलं असतं. म्हणजे मुक्काम आला, लॉजचं भाडं आलं. तिकिटापेक्षा तेच जड. रविवारी दुपारी चारचा एखादा खेळ ठेवला तर ऐकून त्याच रात्रीची गाडी धरता येईल.

दुसरं, थोडी तिकिटं इथल्या एखाद्या संस्थेकडं प्लॅनसकट ठेवा. गायक अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात मान देणारं हे गाव आहे, देवल क्लब ही संगीतसंस्था इथं 1883 पासून आहे. ऐकणाऱ्यांची वाण नाही. आमच्या पेठेतलेच आठ-दहाजण तयार आहेत. गाडीचं आम्ही बघतो.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर