एका नळावरची दोन बिऱ्हाडं

सदाशिव पेठ, पुणे

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर उंदराच्या मेंदूचं ते रंगीत जाळं दाखवलंस आणि इकडे माझे पोहे तळाला लागले. खसखशीच्या दाण्याएवढा तुकडा, एक घन मिलिमीटर, तोही नुसत्या पाहण्याच्या भागातला, आणि त्यात पेशीपेशींमधले ५२ कोटींवर जोड! २०२५ मध्ये हा नकाशा प्रसिद्ध झाला म्हणालीस. बाबांचं मत, आपल्या बोळातल्या केबलच्या तारा त्यापेक्षा सरळ आहेत.

पण माझ्या डोक्यात राहिले ते हबल आणि वीझल, मेंदू कसा पाहतो ते शोधणारे दोघे शास्त्रज्ञ. १९८१ च्या नोबेलची गोष्ट तू रंगवून सांगितलीस. मांजराच्या मेंदूतली पेशी ठिपक्यांना दाद देईना, पण ठिपके दाखवायची काच सरकवताना तिच्या कडेची सावली पडली आणि पेशी तडतडायला लागली. तिला ठिपका नको होता, एका विशिष्ट कलाची रेघ हवी होती. पुढचं मात्र एका वाक्यात उरकलंस. पिल्लाचा एक डोळा शिवून बंद ठेवला (बिचारं पिल्लू!), पुढे उघडला, तर डोळा ठणठणीत, मेंदूत त्याचं ऐकणारं मात्र जवळपास कुणी उरलं नव्हतं. मोठ्या मांजराचा तसाच बंद ठेवला, तर काही बिघडलं नाही.

का उरकलंस, ते मला कळलं गं.

आपल्या जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांना एकच नळ होता. एक बिऱ्हाड चार दिवस गावाला गेलं की दुसऱ्याच्या बादल्या तिथे ठाण मांडायच्या. पाण्यात खोट नसायची, नंबर गेलेला असायचा. डोळ्यांचंही तसंच दिसतंय.

तुझा डावा डोळा आत वळतो, हे मला तू चार वर्षांची असतानाच दिसलं होतं. आजी म्हणाल्या, चकणा डोळा भाग्याचा. मलाही ते ऐकायला बरं वाटलं. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा तू पहिलीत होतीस. 'आता एक दिवसही चुकवू नका,' एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, घाबरवतायत.

मग चांगल्या डोळ्यावर पट्टी. शाळेतून आलीस की दोन तास मिसळलेली मूग-मटकी वेगळी करायला बसायचीस. पट्टी निघताना भुवईचे केस ओढले जायचे, म्हणून मी कडेने खोबरेल लावायची. तू मला 'दुष्ट आई' म्हणायचीस. पर्वती उतरताना पायरी कुठे संपते ते तुला कळायचं नाही आणि मी वर ओरडायची, 'खाली बघ!' बघतच होतीस की.

कॉल संपता संपता शास्त्रज्ञ पवन सिन्हांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'चं काढलंस. जन्मापासून मोतीबिंदू असलेली मुलं, काही तर आठ-दहा वर्षांची होऊन गेलेली, ऑपरेशननंतर हळूहळू पाहायला शिकली. ऐकून खूप बरं वाटलं. पण ते तू विज्ञान म्हणून सांगत नव्हतीस, माझी समजूत घालत होतीस. आवाजावरून कळतं.

कालनिर्णय अजून फ्रिजशेजारीच टांगलेलं आहे. गणपतीत आलीस की उजवा डोळा झाकून ओट्यापाशी उभी राहा आणि चतुर्थीच्या चौकोनात काय छापलंय ते वाचून दाखव. अंदाजाने सांगू नकोस. लहानपणी सांगायचीस, ते मला माहीत होतं.

तुझी,
आई