कृषिमंत्र्यांना खुले पत्र: रोपं मोजलीत, आता ओंडकेही मोजा

मा. कृषिमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

कॉफीच्या झाडांच्या कापणीची भरपाई मागणारा अर्ज मी केला होता. गेल्या मंगळवारी त्यावर आपल्या खात्याचं पत्र मिळालं. दीड ओळीचं. ‘योजना बंद झाल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ पत्रावरची तारीख पाच महिन्यांपूर्वीची. आपण कामात असाल म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसलो होतो. जमेलसं वाटत नाही.

सात वर्षांपूर्वी खात्याचे एक साहेब माझ्या कॉफीच्या मळ्यात आले. वडिलांनी लावलेली हेक्टरभर कॉफी त्यांनी टेप लावून मोजली. अडीच मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे हेक्टरी १६०० झाडं. साहेब हसले. ‘एवढ्या जागेत गुरं चरतील,’ म्हणाले. शेजारचं हेक्टर मोकळं होतं, तिथे दोन मीटर बाय एक मीटरवर बुटक्या जातीची ५००० रोपं बसवायचं ठरलं. सावलीची झाडंही कमी करा म्हणाले, ऊन मिळेल, उत्पन्न दुप्पट होईल. रोपं फुकट. पाचव्या वर्षानंतर झाडं आळीपाळीने बुंध्याशी कापायची, कापलेलं झाड साधारण दोन वर्षं फळ देत नाही, त्या दोन वर्षांची भरपाई खातं देणार. हे शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. लेखी घेतलं नाही, ही माझी चूक.

खोटं बोलणार नाही, चौथ्या वर्षी मी साहेबांचा भक्त होतो. जुन्या तुकड्यात ६४०० किलो पिकलं फळ निघालं आणि नव्यात १२०००. साहेबांनी माझा फोटो काढून नेला. तो कुठल्या अहवालात लागला, मला कळलं नाही.

मग फांद्या एकमेकींत शिरल्या. महोदय, एकदा तोडणीच्या दिवसांत माझ्याबरोबर त्या ओळीत या. रांगत यावं लागेल. सकाळी आठलाच शर्ट पाठीला चिकटतो. खालच्या फांद्या काळ्या पडल्या आहेत, हात लागला की कट् करून मोडतात. ना पान, ना फळ. बुटकी म्हणून दिलेली जातही उजेडासाठी वर पळते, मग फळ लागतं ते शेंड्याकडे. फांदी वाकवायची, एका हाताने धरून ठेवायची, दुसऱ्या हाताने लाल तेवढं तोडायचं, हिरवं ठेवायचं, कारण सगळं फळ एकदम पिकत नाही. फांदी निसटली की हिरवी फळं आणि पानांवरचं गार पाणी थेट मानेवर. चार पावलांवरच्या जुन्या तुकड्यात माझी बायको उभ्याने, गाणं म्हणत तोडते.

आता हिशोब. वहीचं पान भिजलंय, दोन-चार मजुऱ्या इकडेतिकडे होतील, पण तुमच्या खात्याच्या आकड्यांपेक्षा बरं आहे. यंदा दाट तुकड्यात ६००० किलो निघालं, जुन्यात नेहमीचं ६४००. जुन्यात एक माणूस दिवसाला ६० किलो तोडतो, दाटीत जेमतेम ३५. म्हणजे तिकडे १०७ मजुऱ्या आणि इकडे १७१, तेही कमी फळासाठी! खड्डे तिप्पट, खत जवळजवळ तिप्पट, ओल कोंडून राहते म्हणून तांबेऱ्याची फवारणी जास्तीची. सावली काढल्यामुळे झाडं एका वर्षी अंगाबाहेर फळ धरतात आणि पुढच्या वर्षी शेंड्यापासून वाळतात. ‘हेक्टरी उत्पादन’ नावाच्या तुमच्या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही. तिथे फक्त किलो लिहितात, ते किलो मला कितीला पडले हे लिहायला जागाच ठेवलेली नाही.

दाट लावणं वाईट, असं मी म्हणत नाही. कोलंबियात हेक्टरी ५००० आणि त्याहून जास्त झाडं लावतात, पण ते ठरावीक वर्षांनी मळ्याचा एकेक भाग कापून नवे फुटवे धरतात. दाट लागवडीचा खरा प्राण ती कापणी आहे. तुम्ही कोलंबियाचं अंतर आणलंत आणि करवत तिकडेच ठेवलीत. ब्राझीलमध्ये झाडाला झाड लागतं ते ओळीच्या आत. दोन ओळींमध्ये यंत्र जाईल एवढी, साडेतीन-चार मीटरची वाट असते. आणि व्हिएतनाममध्ये रोबस्टा नावाची कॉफी तीन-तीन मीटरवर असते, हेक्टरी ११०० झाडं. तरी तिथली सरासरी दोन टनांच्या वर, तेही सुकलेल्या बियांची, माझ्या आकड्यांसारखी ओल्या फळाची नव्हे. पाणी, खत, छाटणी वेळेवर. झाडं मोजून कॉफी होत असती तर त्यांनी केव्हाच ५००० लावली असती.

पण तुमच्याकडे रोपं मोजतात. रोपवाटिकेतून किती निघाली, किती वाटली, उद्दिष्ट पूर्ण, साहेबांची बढती. साहेब आता दुसऱ्या जिल्ह्यात आहेत, बहुधा तिथेही टेप घेऊन फिरत असतील. कॉफीचं झाड वीस-तीस वर्षं उभं राहतं आणि तुमची योजना पाच वर्षांत आटपते. चुकलेल्या अंतराचं व्याज मी भरतो. १९८९ साली कुठल्या देशाने किती कॉफी विकायची हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय कोटे कोसळले आणि भाव पडले, तेव्हा माझ्या वडिलांना कुणी विचारलं नव्हतं. आजही भाव न्यूयॉर्क आणि लंडनच्या बाजारात ठरतो, अंतर तुमच्या कार्यालयात ठरतं. माझ्या हातात ठरवायला काय उरलं? कुठली फांदी आधी वाकवायची ते.

मागणी एकच होती, कापणीची भरपाई. ती तुम्ही निकाली काढली आहे. भरपाईशिवाय तुकड्याचा एकेक भाग दोन-दोन वर्षं बिनफळाचा ठेवणं मला परवडत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यापासून ओळीतलं एकाआड एक झाड मुळासकट काढतो आहे. अंतर दोन बाय दोन होईल. २५०० झाडं जातील. सगळी सात वर्षांची, सगळी खात्याच्या नोंदीतली.

तरी तो २५०० चा आकडा आपल्या ‘उद्दिष्ट पूर्ण’च्या रकान्यातून वजा करावा, ही विनंती. मोजणीसाठी साहेबांना पाठवलंत तरी चालेल. ओंडके बांधावर रचून ठेवतो.

आपला,
निकाली निघालेला एक कॉफी उत्पादक